मुक्काम पोस्ट एशिया/कोलकाता

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं, की भनपुरी मागं पडते, बिरगाव मागं पडतं आणि मग हवेचा रंग बदलतो. तिथून सिलतरा सुरू. स्पंज आयर्नचे कारखाने, फर्नेस, रोलिंग मिल, कोळशाच्या ट्रकांची रांग आणि मालक-मजूर असा भेद न करता सगळ्यांवर सारखी बसणारी काळी धूळ. इथं वेळेला भारी मान. पण सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, एवढेच आकडे सिलतऱ्याच्या कामाचे. बाकीचे घड्याळात शोभेला असतात.

अशा कडक वेळेच्या गावात नवा कंप्युटर आला, की तो पहिल्याच दमात विचारतो, तुमचा टाइम झोन कुठला? आयटीवाला लिनक्स चढवायला बसला, की ही प्रश्नोत्तरं ठरलेली. आधी खंड निवडायचा, एशिया. मग गाव. आर दाबावं तर रायपूर येत नाही, रियाध येतं. एन दाबावं तर नागपूर नाही, नोव्होसिबिर्स्क. एम दाबावं तर मुंबईच्या जागी मनिला आणि मस्कत. निदान दिल्ली तरी असेल म्हणून डी दाबावं तर दिली भेटते, ती पूर्व तिमोरची राजधानी. एसवर सिलतरा असेल अशी आशा कुणी धरतच नाही. तिथं सोल, शांघाय, सिंगापूर पाय पसरून बसलेत. हिंडून-फिरून केवर यावं लागतं. एशिया/कोलकाता. एकशे चाळीस कोटी लोकांत हा एक पत्ता.

शेजारच्या टेबलावरचा छत्तीसगढी सहकारी मान लांब करून विचारतो, "का भइया, हमन कलकत्ता म हन का?" हो म्हणून सांगितलं की तो निमूट कामाला लागतो. हावडा मेल रोज रायपूरवरून जाते, तेव्हा तिच्यात बसून एखादं सिलतरा पुढं सरकलं असेल, असं त्यानं मनाशी धरलं असावं.

गंमत इथं संपत नाही. कलकत्त्याचं कोलकाता झालं २००१ मध्ये, आणि कंप्युटरच्या नोंदवहीत ते उमटलं २००८ मध्ये. जुनं नाव काढलं मात्र नाही, मागच्या दारानं चालू ठेवलं. त्यामुळं एकाच कंप्युटरवर क्रोमला विचारलं तर तो वर्षानुवर्षं एशिया/कॅलकटा सांगत आलाय, आणि फायरफॉक्सला विचारलं तर एशिया/कोलकाता. विंडोजनं तर कुणाचंच मन मोडायचं नाही असं ठरवून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी चार नावं एका ओळीत लिहून टाकलीत. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं वाढवत नेतात, त्यातला प्रकार.

आपल्या बोलण्यातला टाइम झोन म्हणजे नुसती वजाबाकी. भाचा अमेरिकेत, तिथं किती वाजले असतील, साडेनऊ तास वजा कर, झोपला असेल, राहू दे. विषय संपला. कंप्युटरचा टाइम झोन आजच्या आकड्यावर भागत नाही. त्याला त्या गावातल्या घड्याळाचं पूर्वचरित्र हवं असतं. कोणत्या साली काटे पुढं केले, कोणाच्या हुकमानं, किती वाजता, मागं कधी आणले, आणले ते सगळ्यांनी मानले का, अशी सगळी नोंद. ही नोंदवही १९८०च्या दशकात अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली. पुढं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पॉल एगर्ट तिचे मुख्य कारभारी झाले आणि जगभरातले हौशी लोक तिच्यात भर घालत राहिले. आपला फोन, बँकेचा सर्व्हर, विमानाचं तिकीट, सगळे वेळ विचारायला गुपचूप तिच्याकडंच जातात.

या नोंदवहीचे नियम मोठे व्यवहारी आहेत. देशाचं नाव शक्यतो घालायचं नाही. देशांची नावं आणि सीमा बदलतात, गाव सहसा जागेवर राहतं. त्या भागातलं सगळ्यांत मोठं शहर घ्यायचं. ही वही उघडली तेव्हा महानगर म्हणून कलकत्ता मुंबईच्या पुढं होतं. आणि तिसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. एकाच देशातल्या दोन गावांची घड्याळं १ जानेवारी १९७० पासून आजवर सारखीच चालली असतील, तर त्यांना वेगळी नावं नाहीत. दोघं मिळून एक. देशाला दुसरं नाव हवं असेल, तर त्यातल्या एखाद्या गावानं १९७० नंतर घड्याळाशी भांडण काढलेलं असलं पाहिजे.

म्हणजे बघा, हे पोलिस ठाण्यातल्या हिस्ट्रीशीटसारखं झालं. सरळमार्गी माणसाचं नाव त्यात सापडायचं नाही. अमेरिकेतल्या एकट्या इंडियाना राज्याची या वहीत आठ नावं आहेत. तिथल्या जिल्ह्याजिल्ह्यांनी कधी पूर्वेची वेळ घेतली, कधी मध्यभागाची, कुणी उन्हाळ्यात काटे हलवले, कुणी हलवायला नकार दिला. व्हीवे नावाचं दोन हजारही वस्ती नसलेलं गाव त्या भांडणातून जगभरच्या कंप्युटरांत जाऊन बसलं. आमचा भाचा त्याच राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकतो. त्याच्या आईला रायपुरात बसून या आठांपैकी आपला मुलगा कोणत्या वेळेत जेवतो, हे शोधावं लागतं. नॉर्थ डकोटातलं न्यू सालेम हे हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, टेकडीवरच्या फायबरग्लासच्या अगडबंब गाईसाठी प्रसिद्ध. त्याच्या जिल्ह्यानं २००३ मध्ये एका टाइम झोनमधून उठून दुसऱ्यात बैठक मारली, झालं, नाव लागलं. अंटार्क्टिकावर ट्रोल म्हणून नॉर्वेचं संशोधन केंद्र आहे. तिथं हिवाळ्यात मूठभर माणसं उरतात, पण त्यांचंही स्वतंत्र नाव आहे. आणि इकडं आख्खा छत्तीसगढ, आख्खा महाराष्ट्र, काश्मीर ते कन्याकुमारी, सगळे कोलकात्याच्या पोटात.

सिलतऱ्यावर यात खरा अन्याय आहे, आणि तो भूगोलाच्या पुस्तकावरून सिद्ध करता येतो. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरून ठरते. शाळेत मिर्झापूर घोकून घेतलं, म्हणून ती रेघ मिर्झापुरातच राहते असा सगळ्यांचा समज. ती तिथून खाली मध्य प्रदेशातून छत्तीसगढात येते, कोरिया जिल्ह्यात कर्कवृत्ताला छेदते आणि पुढं ओडिशाकडं जाते. सिलतरा तिच्या पश्चिमेला फार तर ऐंशी-नव्वद किलोमीटर. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं सिलतऱ्याचा सूर्य आणि सिलतऱ्याचं घड्याळ यांत सरासरीनं साडेतीन मिनिटांचासुद्धा फरक नाही. मुंबईचं घड्याळ तिथल्या सूर्याच्या एकोणचाळीस मिनिटं पुढं पळतं. कोलकात्याचं साडेतेवीस मिनिटं मागं रेंगाळतं. देशाची वेळ अंगाला बरोबर बसलेली जी थोडी गावं आहेत, त्यांतलं हे एक. इथं घड्याळात बारा वाजले की खरंच मंझनिया, म्हणजे भर दुपार, होते, डोकं तापून तसा पुरावाही मिळतो. आणि या गावाला वेळ विचारायला कोलकात्याला पाठवतात!

या एकोणचाळीस आणि साडेतीन मिनिटांचा झगडा रायपूरच्या मराठी घरांत महिन्यातून एकदा पेटतो, संकष्टीला. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात भिंतीवर मुंबईत छापलेलं कॅलेंडर. त्याच्या तारखेच्या चौकोनात मुंबईचा चंद्रोदय. मुंबईपेक्षा इथं चंद्र साधारण अर्ध्या-पाऊण तासानं आधी वर येतो. तो शेजारच्या गच्चीवरून पार वर चढून खाली बघत असतो आणि आई देवाजवळ बसून म्हणत असते, "अजून वेळ आहे." गावोगावच्या वेळा मागच्या पानावर असतात, पण मागच्या पानावर दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला असतो. नातू फोन दाखवून सांगतो, "आजी, चंद्र उगवला." फोन कोलकात्याचा, कॅलेंडर मुंबईचं, चंद्र रायपूरचा, आणि मोदक थंड.

मुंबईच्या मावसभावाला जेव्हा हे कळलं, की आपल्या शहराचं नाव यादीत नाही, तेव्हा तो खवळला. त्याचं खवळणं गैर नव्हतं, कारण घड्याळाशी भांडण्यात मुंबईची कारकीर्द इंडियानाला लाजवील अशी आहे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादला. हो, पुण्यात ज्यांच्या नावानं कॉलेज आहे तेच. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेनं धावायची, तर शहरानंही तसंच धावावं, असा साहेबाचा सरळ हिशेब. शहर धावेना. राजाबाई टॉवरच्या घड्याळावरून तर सरकार आणि विद्यापीठ यांच्यातच जुंपली. १८८३ मध्ये सिनेटनं ठराव केला, की टॉवर मुंबईचीच वेळ दाखवील. सरकारनं उत्तर दिलं, मग रात्री घड्याळावर दिवे लावायचा खर्च आम्ही देणार नाही. म्हणजे वेळ तुमची, पण अंधारात बघा.

पुढं १९०६च्या १ जानेवारीला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, आणि त्याच महिन्यात मुंबईतले हजारो गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढं, म्हणजे झोपेतली एकोणचाळीस मिनिटं गिरणीमालकाच्या खिशात, हा त्यांचा हिशेब. सिलतऱ्यातला कुठलाही शिफ्टवाला तो आजही बोटांवर तपासून बरोबर आहे म्हणेल. नगरपालिकेत फिरोजशहा मेहता मुंबईच्या वेळेच्या बाजूनं उभे राहिले. शहरात दोन वेळा सुखानं नांदू लागल्या, आणि मुंबईची जुनी वेळ पालिकेच्या दरबारातून गेली ती १९५५ मध्ये. काही अग्याऱ्यांत ती अजूनही पाळतात. अर्धशतक चाललेली ही लढाई! पण ती संपली १९७० च्या पंधरा वर्षं आधी. कंप्युटरच्या वहीत गिरणी कामगारांच्या त्या दंग्याचं टिपण आहे, मुंबईला नाव मात्र नाही. मावसभावाला मी एवढंच म्हणालो, "दादा, भांडलात भरपूर, पण मुदतीच्या आत अर्ज आला नाही." त्याला सरकारी नोकरीचा अनुभव असल्यामुळं हे लगेच पटलं.

१९७० हे साल यात का आलं, तर कंप्युटरांच्या एका मोठ्या घराण्यात काळाची मोजणीच त्या वर्षीच्या १ जानेवारीला, ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होते. तिथून पुढं सेकंद मोजत जायचं. ग्रीनिचची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. त्यामुळं भारतातल्या कुठल्याही कचेरीत रिपोर्टाचा एखादा रकाना रिकामा राहिला, की तिथं सृष्टीच्या आरंभाचा मुहूर्त छापून येतो, ०१-०१-१९७०, सकाळी ०५:३०. सिलतऱ्यातल्या एका हजेरीपटात १९८८ साली जन्मलेला फिटर १९७० साली कामावर हजर होता, आणि शिफ्ट सहाची असूनही अर्धा तास आधी. त्याचं ओव्हरटाइम काढायचं का, यावर हिशेबनीस आणि आयटीवाला दोघं बराच वेळ गंभीर होते.

१९७० पूर्वीचं या वहीत काही नाही असं मात्र नाही. सोय म्हणून कोलकात्याचं जुनं चरित्र आहे, आणि तेच आपल्या सगळ्यांना लागू. म्हणजे रतनपूरला बिंबाजी भोसले बसले होते, नागपूरकरांचं राज्य छत्तीसगढावर होतं, तेव्हा सिलतऱ्यात किती वाजले होते, असं कंप्युटरला विचारून बघा. तो न चाचरता कलकत्त्याची वेळ काढून देईल, ग्रीनिचच्या पुढं ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. सेकंदसुद्धा सोडणार नाही. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी हावड्याहून रेल्वे सुरू झाली, आणि वहीच्या मते त्या जूनच्या २८ तारखेला आमचं घड्याळ आठ सेकंदांनी मागं आलं. राज्य गेलं त्याचं दुःख होतंच, त्यात ही आठ सेकंदं. तिथून १८७० पर्यंतच्या वेळेला एचएमटी असं लिहिलंय. हावडा मीन टाइम असावा, पण पुढं प्रश्नचिन्हही ठेवलंय. ज्यांच्या वडलांना निवृत्तीच्या समारंभात एचएमटीचं घड्याळ मिळालं, त्यांना यात शंका घेण्यासारखं काही दिसणार नाही.

मग १८७० पासून मद्रासची वेळ, आणि १९०६च्या पहिल्या मध्यरात्री काटे ८ मिनिटं ५० सेकंदांनी पुढं. महायुद्धात तर वेळेचे हालच झाले. ऑक्टोबर १९४१ मध्ये भारताचं घड्याळ तासभर पुढं, १५ मे १९४२ ला परत मागं, १ सप्टेंबर १९४२ ला पुन्हा पुढं, आणि १५ ऑक्टोबर १९४५ ला जे मागं आलं ते आजतागायत जागेवर. वहीतल्या नोंदीप्रमाणं १४ मे १९४२ च्या रात्री अकरा ते बारा हा तास दोनदा झाला. समजा त्या रात्री जुळं झालं, थोरला पहिल्या वेळच्या अकरा पन्नासला आणि धाकटा वीस मिनिटांनी, म्हणजे दुसऱ्या वेळच्या अकरा दहाला. कागदावर धाकटा थोरल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा! वाटणीच्या वेळी काय झालं असेल ते असो. उलट १ सप्टेंबर १९४२ ला मध्यरात्र झालीच नाही. बारा वाजायच्या जागी एकदम एक वाजला. त्या तारखेला जन्मलेल्या आजोबांची जन्मतारीख एखाद्या प्रणालीत 'रात्री बारा' म्हणून साठवायला गेलं, की ती गडबडते. कुणी आजोबांना एक वाजता जन्माला घालतं, तर कुणी आदल्या दिवशी रात्री अकराला. आजोबा मात्र पेन्शनच्या रांगेत हयातीचा दाखला घेऊन जिवंत उभे.

आता हे सगळं कुणी लिहून ठेवलं? १९४३ साली अमुक गावातल्या घड्याळात नेमके किती वाजले होते, याच्याशी जगात कुणाचं अडतं? इतिहासकाराला तारीख पुरते. वकिलाला पुढची तारीख पुरते. मिनिटामिनिटाची गरज फक्त एका धंद्याला, ज्योतिष्याला. आपल्याकडं पत्रिका मांडणारे गुरुजी आजही युद्धकाळातला जन्म म्हटलं की आधी एक तास वजा करतात, मग स्थानिक वेळेचा संस्कार, मग लग्न. पश्चिमेतही तेच. टॉमस शँक्स यांनी जमवलेले ज्योतिष्यांच्या कामाचे ॲटलास होते, आणि कंप्युटरच्या वहीनं जुन्या नोंदींसाठी त्यांचा भरपूर आधार घेतला. २०११च्या सप्टेंबरात ॲस्ट्रोलेब नावाच्या ज्योतिष-सॉफ्टवेअरच्या कंपनीनं ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटलाच भरला, आमचा माल वापरला म्हणून. जगभरच्या घड्याळांची वही काही दिवस कोर्टाच्या दारात! मग इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेनं ती आपल्या पंखाखाली घेतली. घड्याळात किती वाजले होते ही घडलेली गोष्ट, तिच्यावर मालकी कुणाची, असा उलटा सवाल आला, आणि २०१२च्या फेब्रुवारीत कंपनीनं माफी मागून खटला मागं घेतला. खटला भरायला मुहूर्त बरा पाहिला नव्हता, एवढंच आमचे गुरुजी म्हणाले.

सिलतऱ्यात या विद्येचा उपयोग रोज पहाटे होतो. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं आतून ग्रीनिचची वेळ धरून चालतात, त्यामुळं त्यांची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला पालटते. सी शिफ्ट रात्री दहा ते सहा. पाच वीसला भट्टीतून निघालेला माल कालच्या खात्यात आणि पाच चाळीसचा आजच्या. कारखाने अधिनियमाचं म्हणणं आणखी वेगळं. १९४८च्या त्या कायद्याचं ५७वं कलम, २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत, सांगायचं, की रात्रपाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यावर सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतरचं काम आदल्याच दिवसात मोजायचं. इंग्रजी कॅलेंडर रात्री बाराला पुढं गेलेलं. आणि पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून, जो मेच्या पहिल्या आठवड्यात रायपूरला साडेपाचच्याच सुमाराला होतो. म्हणजे त्या दिवसांत ग्रीनिचचा सर्व्हर आणि आमचं पंचांग एकाच क्षणी तारीख पालटतात. लंडनच्या वेधशाळेला आपण उदयतिथी पाळतोय याची कल्पना नसावी.

हे चार दिवस एकमेकांवर चढले की घरात जो गोंधळ होतो तो विचारू नका. एकादशीच्या सकाळी सी शिफ्ट करून माणूस घरी येतो. डबा उघडा, रात्रीची अर्धी पोळी खाल्लेली. बायको विचारते, "अहो, आज एकादशी ना? हे कधी खाल्लंत?" तो सांगतो, "पाच पंचवीसला. सर्व्हरप्रमाणं काल." तिला सर्व्हर मान्य नसतो. तो मग कलम ५७ काढतो. कलम ऐकून ती साबुदाण्याचं पातेलं उचलून आत नेते आणि म्हणते, "मग तुमचा आजचा दिवस सुरू झाला की सांगा."

कारखान्याच्या परदेशी व्यवहारात याहून थोडी निराळी मजा आहे. आयएसटी लिहिलं की आपण निर्धास्त असतो. पण आयर्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या वेळेला आयरिश स्टँडर्ड टाइम म्हणतात, आणि इस्रायललाही स्वतःचा आयएसटी आहे. जुलैत डब्लिनच्या पाहुण्याला "चार वाजता, आयएसटी" असं कळवलं, तर तो आपल्या चारला येतो, तेव्हा इथं रात्रीचे साडेआठ. सामोसे संपलेले असतात. म्हणून कंप्युटर तीन अक्षरांवर विश्वास ठेवत नाही, त्याला गावाचं नाव लागतं.

आणि गावाच्या नावापाशी आलं की पुन्हा तोच सल. ईशान्येचे लोक निदान प्रयत्न करताहेत. आसामच्या चहामळ्यांत बागान टाइम तासभर पुढं चालतो. २०१४ मध्ये मुख्यमंत्री तरुण गोगोई तो सगळ्या राज्याला लावायला निघाले होते. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे खुद्द देशाची वेळ अणुघड्याळांवर सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांनी, दोन टाइम झोनचा आराखडा मांडला. सरकारनं मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर उद्या यादीत एशिया/गुवाहाटी दिसलं असतं.

वहीच्या कारभाऱ्यांना विचाराल तर ते भारताला हात जोडतील. लेबननमध्ये २०२३च्या मार्चमध्ये सरकारनं ऐन वेळी घड्याळबदल पुढं ढकलला. अर्ध्या देशानं ऐकलं नाही, आणि काही दिवस एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेळा होत्या. मोरोक्को दर रमजानला काटे फिरवतो. असं काही झालं की या लोकांची रात्रीची झोप जाते आणि जगातल्या सगळ्या फोनांना नवी आवृत्ती पाठवावी लागते. भारताच्या रकान्यात मात्र १५ ऑक्टोबर १९४५ नंतर नवी ओळ पडलेली नाही. या काळात आमचं रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या राज्यातून १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशात गेलं, तिथून २००० मध्ये छत्तीसगढात आलं. राजधान्या तीन झाल्या, घड्याळ हललं नाही. चांगल्या वागणुकीचं असं रेकॉर्ड असल्यावर हिस्ट्रीशीट कशी उघडायची?

तरी गेटासमोरच्या चहाच्या ठेल्यावर आम्ही एकदा विषय काढलाच, की सिलतऱ्यानं आता भांडायला काय हरकत आहे. सूर्यावर बोट ठेवून मागणी करायची, आम्हाला आमची साडेतीन मिनिटं द्या. घड्याळ तेवढं मागं घ्यायचं, वर्षभर पाळून दाखवायचं, मग एशिया/सिलतरा आपोआप यादीत. सी शिफ्टवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या. काटे रात्री मागं घेतले की त्यांची पाळी साडेतीन मिनिटांनी लांबणार, आणि कायद्यानं ओव्हरटाइम दुप्पट. ए शिफ्टवाले म्हणाले, मग काटे आमच्या पाळीत मागं घ्या. बी शिफ्टवाले म्हणाले, निम्मे निम्मे करा. हिशेबनीस उठून जायला लागला.

त्याला थांबवलं एका फर्नेसमालकानं, जो चहा प्यायला गाडीतून खाली उतरला होता. त्याचं म्हणणं, साडेतीन मिनिटांसाठी कशाला जगाशी वाकडं घेता? भांडायचंच तर मोठं भांडा. संध्याकाळी पीक अवरची वीज महाग पडते. सिलतऱ्याच्या वेळेत ती भानगडच ठेवू नका. सहाला एक मिनिट कमी असताना थेट रात्रीचे अकरा वाजू द्या. क्षणभर शांतता झाली. मग बी शिफ्टच्या लक्षात आलं, की दोनला आत गेलेला माणूस चार तासांत पूर्ण पगार घेऊन बाहेर पडतो. सी शिफ्टच्या लक्षात आलं, की तिचा पहिला तास झालेलाच आहे. ए शिफ्टच्या लक्षात आलं, की मुलांचे टीव्ही सिरियलचे तास गेले. ठेलेवाल्यानं एकट्यानं विरोध केला, त्याची भजी सहा ते नऊ खपतात; पण त्याला दोन भट्ट्यांच्या कँटीनचं कंत्राट कबूल केल्यावर तोही बसला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. वहीच्या कारभाऱ्यांना पाठवायचं इंग्रजी पत्रही आयटीवाल्यानं लिहून ठेवलंय. आता फक्त एक सही राहिलीय, सबस्टेशनच्या खोलीत बसलेल्या विजेच्या मीटरची. तो दिल्लीच्या वेळेशिवाय दुसरं काही वाचत नाही, चहा पीत नाही, आणि आजवर त्यानं कुणाला एक युनिटसुद्धा सोडलेलं नाही.